फुलायचा महिना

रोपवाटिकेच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या. लेक सारखी घड्याळ बघत होती.

"आई, आटप ना! माझी गाडी चुकेल."

"थांब गं. माळीदादा, हिवाळ्यात फुलणारं इथल्याच मातीतलं झुडूप कोणतं?"

"पिवळी कोरांटी घ्या, मावशी."

"हिवाळ्यात येशील ना गं?"

"सुट्टी मिळाली तर."

"मग उन्हाळ्यासाठी पांढरा कुडाही द्या. तेव्हा तरी?"

"बघते म्हटलं ना."

"दादा, पावसाळ्यात काय फुलतं?"

"भूतकेस. केशरी फुलं येतात."

"तेही द्या."

"अगं, अंगण केवढं, झुडपं किती! गेल्या वर्षीची धायटी आहे की."

"ती लालभडक फुलली, तेव्हा तू कुठे होतीस?"

"आई, पुरे."

"तू महिना सांग. बाकीची परत ठेवते."

"दे इकडे, ती जड कुंडी मी धरते."