अध्यक्षांचा हार

नाटक थांबवून सत्कार उरकणाऱ्यांशी मी जन्मभर भांडलोय, पण इस्लामपुरात एका नटानं मला तोंड उघडायची गरजच ठेवली नाही. काय माणूस होता! एका मोठ्या लेखकाचं आख्खं आयुष्य तो एकटा उभं करत होता. लेखक खाटेवर शेवटच्या घटका मोजतोय, सभागृह चिडीचूप, आणि पुढच्या कार्यक्रमाला उशीर होतोय म्हणून अध्यक्ष नटाच्या सत्काराचा हार घेऊन थेट रंगमंचावर चढले! मी तावातावानं उठलो. तेवढ्यात खाटेवरून तोच क्षीण आवाज आला, "आवं, थांबा जरा. अजून जीव हाय माझ्यात."

अध्यक्ष गडबडले. "मग कवा येऊ?"

"मेल्यावर या. लेखकाला हार तवाच घालत्यात."