पाणवठ्याचं नाव

आपल्याच आदिवासी लोकांनी वाळवंटात काढलेल्या डायलिसिस केंद्रात लॉर्ना झोपेचं सोंग घेऊन ऐकत पडली होती. शेजारच्या खुर्च्यांवर मेव्हिस आणि म्हातारी डल्सी यंत्राला जोडलेल्या होत्या.

“जमिनीच्या खटल्यात काय झालं गं, मेव्हिस?”

“न्यायाधीश म्हणाले, पाणवठा तुमचा ना, मग नाव सांगा. मी गप्प.”

“बरं केलंस. माझ्या भावाचं नाव तेच होतं. गेलेल्याचं नाव घेतात का कोणी?”

“मी आपल्या रीतीनं ओठ पुढे काढून पाणवठ्याची दिशा दाखवली. लिहून घेणारा म्हणे, हे कसं लिहू?”

“मग?”

“लिहिलं, साक्षीदाराला नाव माहीत नाही.”

“मुडदा बशिवला त्याचा!”

“शुक्रवारी शेवटची तारीख आहे, ताई. सख्खी बहीण तू. तू मोकळीक दिलीस तर नाव घेता येईल. नाहीतर पाणवठा गुरंवाल्या कंपनीकडे जातोय.”



“हाक ऐकली की तो मागे वळेल गं. अजून पलीकडे पोचला नसेल.”

“मग शुक्रवारी काय करायचं?”

“गुरुवारी मला तिथे घेऊन चल. आपलं आहे तोवर पोटभर पाणी पिऊन घेते.”

“तुला पाणी मोजून प्यायला सांगितलंय, ताई.”

“त्या दिवशी कोण मोजतंय?”