ड्रायव्हरकाका

(समुद्राकाठचा डोंगर, हिवाळ्यातली दुपार. पायवाटेवर पंधरा वर्षांची मुलगी आणि तिच्या आईचा नवरा.)

मुलगी : पण तुम्ही नंबर का दिलात त्यांना?

तो : मागितला म्हणून दिला. तुझ्या मैत्रिणीचे बाबा म्हणाले, आम्हालाही अधूनमधून ड्रायव्हर लागतो. नाही कसं म्हणू?

मुलगी : आणि फोन आला तर?

तो : सांगेन, सध्या एका घरी कायमचा लागलोय.

मुलगी : गंमत करू नका ना.

तो : बरं, नाही करत. पाणी पी. खिंड अजून लांब आहे.

मुलगी : मघाशी खाली भेटल्यावर तिनं एकदम विचारलं, हे कोण? मला काही सुचलंच नाही. ड्रायव्हरकाका म्हणून तोंडातून निघून गेलं.

तो : जातं असं निघून.

मुलगी : आणि तुम्ही लगेच माझी सॅक काय उचललीत! 'चला ताई' काय म्हणालात!

तो : ड्रायव्हर म्हटल्यावर नीट नको करायला? अर्धवट काम मला जमत नाही.

मुलगी : एकदा रागवा तरी माझ्यावर.

तो : रागावून काय करू? तिचे बाबा डॉक्टर. मी टायरच्या दुकानातला. नखांतलं काळं सुट्टीच्या दिवशीही निघत नाही. तुझ्या वयाचा असतो तर मीही हेच केलं असतं.

मुलगी : नखांचं नाही हो काही. वर्गात कुणाला माहीतच नाही, आईनं पुन्हा लग्न केलंय ते.

तो : अजून?

मुलगी : अजून.

तो : हं.

मुलगी : बोला ना काहीतरी.

तो : काय बोलू? लग्न झालं तेव्हा तुझ्या आईला म्हटलं होतं, घरात बसून पोरीला माझी सवय व्हायची नाही. दर ऋतूत एकदा हा डोंगर चढू, सगळे मिळून. वसंतात तू गाडीतून उतरलीच नाहीस. पानगळीत मी धुक्यात वाट चुकलो, तर पोट धरून हसलीस. आणि आज आई सर्दीनं घरी, तरी तू सकाळी बूट घालून दारात उभी. मला वाटलं… जाऊ दे.

मुलगी : काय वाटलं?

तो : काही नाही गं. ते लोक खिंडीत थांबलेत ना तुझ्यासाठी? तू जा. समुद्र छान दिसतो तिथून. मी खाली जाऊन बसतो.

मुलगी : एकटे?

तो : ड्रायव्हर गाडीपाशीच थांबतो. आली बघ तुझी मैत्रीण. मी जरा तिकडे दगडावर बसून बुटाची नाडी बांधतो.

मैत्रीण : अगं, किती हळू चालतेस! आई कधीची डबे उघडून बसलीये.

मुलगी : थांब. मला सांगायचंय. ते ड्रायव्हर नाहीत.

मैत्रीण : हो.

मुलगी : हो म्हणजे?

मैत्रीण : माहितेय मला. उन्हाळ्यात आम्ही खाली ओढ्यापाशी बसलो होतो. तुझ्या पायाला काहीतरी लागलं होतं. तू त्यांच्या पाठीवर होतीस, त्यांचे दोन्ही कान धरून रडत होतीस. तुझी आई शेजारून हसत चालली होती. माझ्या आईबाबांनीही पाहिलं.

मुलगी : तुझ्या बाबांनीही? मग त्यांनी नंबर का मागितला?

मैत्रीण : तू ड्रायव्हर म्हणालीस. मग ते तरी काय बोलणार? तुझी पंचाईत नको म्हणून.

मुलगी : म्हणजे मी बोलत होते तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मैत्रीण : तुला कुणी काही म्हटलं का? नाही ना? ये आता. दोघंही या. मी होते पुढं.

मुलगी : गेली ती.

तो : बरं.

मुलगी : ऐकलंत ना सगळं?

तो : नाही बुवा. वारा केवढा सुटलाय.

मुलगी : वारा कधीचा पडलाय.

तो : पडला का? मग चल, पुन्हा सुटायच्या आत वर पोचू.