बंद फोनवरचा डोस

तुम्ही हसाल, पण मी एका बंद फोनसमोर हात जोडलेत. ह्यांनी घडीचा फोन आणला, बाहेरून कागदासारखा काळा-पांढरा पडदा. मी म्हटलं, "एवढे पैसे देऊन रंगच नाही?"

परवा सासरच्या गावी, बपेऱ्यात, लेकीला ताप आला. औषध किती द्यायचं ते डॉक्टरांनी मेसेजवर कळवलं आणि तेवढ्यात बॅटरी संपली. गावात लाइट नाही. मला रडूच कोसळलं. सासूबाईंनी फोन उचलला. "बाबू, बंद फोनवर अक्षरं कशी दिसून राह्यली?"

हे म्हणाले, "माय, या पडद्याले अक्षरं बदलायलेच बॅटरी लागते. ठेवायले नाही लागत."

मी थक्क! फोनला हात जोडले, डोस दिला. लाइट आली तसे हे चार्जर घेऊन आले. शिकलेली बाई मी, तरी ओरडले, "थांबा! पुसून जाईल! आधी ताप उतरू द्या!"