पाणी विचारलं आणि निवारा हुकला

बरोबर सात वाजून वीस मिनिटं झाली होती बाई, तेव्हा बेघर निवाऱ्याचा साहेब आमची चौकशी कराले आला. पिपरी मेघेतली भाड्याची खोली पडल्यापासून आम्ही दोघं अन् आठ महिन्यांची पोर रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली राहत होतो. पोरीचा खोकला थांबत नव्हता. निवाऱ्यात जागा पाहिजेच होती, पण नियम असा, की माणूस खरंच बेघर असला पाहिजे.

सवयीनं मी सकाळीच सडा टाकून रांगोळी काढली होती. ती पाहून साहेबानं बाहेरच चपला काढल्या. मी म्हटलं, "या भाऊ, बसा," आणि पाणी दिलं. पाणी पिऊन तो कागदावर लिहू लागला.

"काय लिहून राह्यले जी?"

"घर आहे."

"कुठं आहे?"

"अंगण आहे, चपला काढा लागल्या, पाहुण्याले पाणी भेटलं. याले घर नाई तर काय म्हणते, बाई?"

मी रडकुंडीला आले. हातापाया पडून त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. त्या दिवशी सडा नाही, रांगोळी नाही. तो घामाघूम होऊन आला.

"जरा पाणी देता?"

मी पाण्याचा तांब्या मागं सारला अन् म्हटलं, "नाई."

"बरं, बसू कुठं?"

"जागा नाई."

"हां! आता झाल्या तुम्ही बेघर," म्हणत त्यानं खूश होऊन सही ठोकली.

तुमच्या ओळखीचं कोणी उघड्यावर राहत असेल, तर त्याले एवढं सांगजा, सही होईपर्यंत साहेबाले पाणी विचारू नोको.