काकूंचा मासा, आमची बादली

मासे मोजण्यात कसली आलीय कटकट, म्हणता ना? ऐका.

उन्हाळ्यात नदी आटते, म्हणून बोरिवलीत माशांसाठी पात्रात मुद्दाम डोह खोदलेत. त्यात किती मासे तगलेत ते बघायला आम्ही तिथे जाळं टाकतो, मासे मोजतो, परत सोडतो. त्या दिवशी जाळ्यात चक्क गोल्डफिश! तेवढ्यात काठावरून एक काकू ओरडल्या, "अगं, तो आमचा आहे!"

लेक कॅनडाला गेली, मासा मागे राहिला. टाकी धुणं काकूंना झेपेना, म्हणून त्यांनी लेकीला न सांगता तो डोहात सोडला होता.

मी म्हटलं, "काकू, हा नदीतल्या माशांची अंडी खातो. परत नाही सोडता येणार."

"मग दे इकडे," म्हणाल्या आणि आमच्या बादलीसकट घेऊन गेल्या.

आठवड्याने मी बादली आणायला गेले, तर काकू लेकीला व्हिडिओ कॉलवर मासा दाखवत होत्या.

"आई, हा बादलीत का? टाकी कुठाय?"

टाकी कधीच भंगारात गेली होती. काकूंनी माझ्याकडे असं काही बघितलं ना, मीच ओरडले, "टाकी मी धुवायला नेलीय!"

तर आता सांगा रे, कुणाकडे जुनी टाकी आहे का?