वर पाकोळी, खाली मी

…नाही, पण ते पोस्टर बघा ना तुम्ही! त्याचं नाव केवढं, तर धावत्या बसमधून आंधळ्यालाही वाचता यावं एवढं, सोनेरी अक्षरात, ‘एल व्हेन्सेहो’! म्हणजे पाकोळी. ती हो, चर्चच्या मनोऱ्याभोवती दिवसभर भिरभिरते आणि कधी कुठे टेकलेली दिसत नाही, ती. आणि माझं नाव? तळाला, छापखान्याच्या पत्त्याच्या जरा वर, ‘एल आदुआनेरो’, म्हणजे जकातवाला! बरं, हे नाव काय मी मागितलं होतं? आमचे कुस्तीचे खेळ भरवणारे डॉन वेन्सेस, त्यांना म्हटलं, वाघ ठेवा, वादळ ठेवा, गेला बाजार विंचू तरी ठेवा. तर ते सिगारेट चावत म्हणाले, “लोलो, वाघाचा लोकांना राग येत नाही रे. जकातवाल्याचा येतो.” संपलं! तेव्हापासून या आत्लिस्को गावात मी रुदो, म्हणजे दुष्ट पार्टी, आणि तो सज्जन पार्टी. तो मुठीत फुलं झेलतो, मी तोंडावर चोखलेली लिंबं झेलतो.

आणि त्यालाही झेलतो! ते कुणी बघतच नाही! तुम्हाला सांगतो, तो रिंगच्या वरच्या दोरावर चढतो, हात पसरतो, अख्खा मांडव उभा राहतो, आणि हा पठ्ठ्या दोरांवरून बाहेर झेपावतो, थेट खालच्या सिमेंटवर! बायका किंचाळतात, म्हातारे टोप्या काढतात, ‘अहाहा, काय पाकोळी आहे!’ अहो, पण पाकोळी टेकते कुठे? सिमेंटवर? सिमेंटवर टेकली तर चमच्याने गोळा करावी लागेल! ती टेकते या इथे, माझ्या छातीवर. वर तो, मान्य! पण खाली कोण? मी!

आणि झेलायचं कसं, तर झेललं असं दिसता कामा नये! त्याने मला लोळवलं असं दिसलं पाहिजे. एक हात त्याच्या मानेला, एक बरगडीखाली, आपली पाठ आधी जमिनीला, त्याचं डोकं कशालाच नाही, आणि मग आपण मेल्यासारखं पडून राहायचं, तो उठून लोकांना चुंबनं उडवतो तोवर. तुम्ही म्हणाल, हे हरणं-जिंकणं आधीच ठरलेलं असतं ना? असले प्रश्न आमच्यात विचारत नाहीत, एकाने विचारला होता, त्याला मी हात पिरगाळूनच उत्तर दिलं. पण एक सांगतो, जमिनीशी कुणाचं काही ठरलेलं नसतं.

आता हा पाकोळी माझा कोण? जरा जवळ या, हळू सांगतो… आता हळू सांगून तरी काय उपयोग, गावभर झालंय… माझा कोंपाद्रे आहे हो तो! माझ्या थोरलीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिला पाण्यावर धरून उभा होता तो हाच, फिदेन्सिओ, तिचा धर्मपिता. आमच्यात हे नातं सख्ख्या भावाच्या वरचं. भावाशी कोर्टात भांडलात तर लोक समजून घेतात, पण कोंपाद्रेला वाकडं बोललात तर तुमची बायकोसुद्धा तुम्हाला ताट वाढणार नाही! पण हे लपवायचं, कारण रिंगमधले वैरी एका टेबलावर जेवताना दिसले तर आमच्या धंद्याचं वाटोळं. त्याचं बरं होतं. रिंगमध्ये तो कायम मुखवट्यात, बाप्तिस्म्याला मुखवटा न घालता आला, कुणी ओळखलंच नाही. माझ्या तोंडावर कुठला मुखवटा? पाद्रीबाबासुद्धा मंत्र म्हणताना माझ्याकडे असे बघत होते, जणू मी तीर्थाचं भांडं पळवणार!

तर सगळं छान चाललं होतं. म्हणजे त्याचं छान, माझं चालू. आणि एक दिवस तालमीत हा उडाला आणि याचा गुडघा थेट माझ्या दातांवर! तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत हा माणूस वीतभरसुद्धा चुकला नव्हता. मी रक्त थुंकत ओरडलो, “डोळे फुटले का रे तुझे?” तर हा खाली बसला, मुखवट्याची गाठ चाचपत म्हणाला, “कोंपाद्रे, तू उभा कुठे होतास?”

“कुठे म्हणजे? तुझ्या समोर!”

“हो का…” म्हणाला.

तो ‘हो का’ ऐकला आणि दातांचं दुखणं विसरलो. ओढत नेला डॉक्टरकडे. डॉक्टर तरणा पोरगा, चष्मा पुसत म्हणतो, “उजवा डोळा गेल्यात जमा आहे, डावा त्याच्या मागे निघालाय. उड्या बंद. शिंकसुद्धा जपून द्या.” आणि हा काय विचारतो? “डॉक्टर, पण एवढा रविवार?”

कारण पोस्टरं लागली होती! आणि साधी कुस्ती नाही, पैजेची! त्याचा मुखवटा विरुद्ध माझे केस. मी हरलो तर भर रिंगमध्ये माझं डोकं भादरणार, ठीक आहे, केस काय, उगवतात. पण तो हरला, किंवा आलाच नाही, तर मुखवटा गेला! सगळ्यांसमोर काढायचा, आपलं नाव सांगायचं, गाव सांगायचं, आणि पुन्हा जन्मात घालायचा नाही. पाकोळी मेली! उरला कोण, तर फिदेन्सिओ, घरांना चुना लावणारा, आता तेही दिसत नाही म्हणून भिंत सोडून खिडकीला लावणारा! मी म्हटलं, “मुखवटा गेला तर गेला, मान राहील.” तर म्हणाला, “कोंपाद्रे, मान घेऊन करू काय? आणि न उडणारी पाकोळी कुणाला हवी? हे बघ, तू नुसता शिव्या घाल. तुझा आवाज म्हणजे फुटका पत्रा, हजारात ओळखतो मी. तू शिवी घातलीस की मी उडणार शिवीकडे.”

शिवीकडे! ऐकलंत? माणसं देवाच्या भरवशावर उडी मारतात, हा माझ्या शिवीच्या भरवशावर! आणि त्याची बायको लिचा दारापर्यंत आली, शालीआड तोंड करून म्हणाली, “कोंपाद्रे, त्याला सांगून उपयोग नाही, मी थकले. पण तुम्ही आहात ना खाली?” कोंपाद्रेच्या बायकोला आम्ही कोमाद्रे म्हणतो. म्हटलं, “कोमाद्रे, खाली मी नाही तर कोण?” आणि रात्रभर उताणा पडून आढ्याकडे बघत होतो, बायको म्हणते, झोपा, मी म्हणतो, झोपतो, आणि हात आपले पसरलेलेच!

उजाडला रविवार. मांडवात मुंगी शिरायला जागा नाही. पहिल्या रांगेत डोन्या ताचा, सकाळी मक्याच्या पिठाचे तामाले विकणार, दुपारी प्रार्थनेला, आणि संध्याकाळी माझा उद्धार करायला इथे. मी दिसलो की सुरू, “आला का मेला! अरे, तुझ्या आईने तरी तुला हौसेने पाजलं का रे?” तीनातले दोन डाव घेईल तो जिंकला; एक डाव त्याने घेतला, एक मी घेतला. घेताना त्याला हळूच सांगत होतो, दोर उजवीकडे आहे, पायरी आहे, पंच मागे आहे… आणि बघणाऱ्याला वाटावं मी त्याचा कान चावतोय! लोक खवळले होते, “सोड त्याला, जकातवाल्या!” आणि आला तिसरा डाव. मी ठरल्याप्रमाणे बाहेर सिमेंटवर पडलो, उठलो, उभा राहिलो डोन्या ताचाच्या पुढ्यात. वर बघतो तर तो चढलाय वरच्या दोरावर. हात पसरलेत. अंगावर सगळे दिवे. मी छाती भरली आणि घातली शिवी, “ये की रे, भेकड कोंबड्या!”

आणि ती मलाच ऐकू आली नाही!

अहो, कशी येणार? अख्खा मांडव माझ्या नावाने बोंबलत होता! हजार माणसं, ढोल, भोंगे, त्यात डोन्या ताचा माझ्या कानाशी, “मर मेल्या, मर!” जन्मभर मीच कमावलेला तो राग, तुम्हाला सांगतो, असा समोर भिंतीसारखा उभा राहिला माझ्या. मी दुसरी शिवी घातली. तिसरी घातली. त्याच्या बापावर गेलो, आजीवर गेलो, त्याच्या गावच्या संतावर गेलो, देव मला क्षमा करो… आणि तो वर मान अशी हळूहळू फिरवतोय, बाजारात कुणीतरी हाक मारल्यावर माणूस शोधतो ना, तसा… आणि मान थांबली. कुठे? पलीकडच्या कोपऱ्याकडे! तिथे कोण होतं? कोणी नाही हो! चार लोखंडी खुर्च्या आणि सिमेंट! मी तिकडे धावणार, तर मध्ये पोस्टरवाले, फुगेवाले, पोहोचणार कसा? त्याने गुडघे वाकवले. मी शिवी शोधतोय, शिवी सापडेना, माझ्या शिव्या संपल्या! आयुष्यात पहिल्यांदा! डोळ्यांपुढे लिचाचं ते शालीआडचं तोंड आलं, आणि माझ्याही नकळत घशातून काय निघालं असेल?

“कोंपाद्रेऽऽ! इकडे! मी इकडे आहे, कोंपाद्रे!”

आणि मांडव गप्प. आधी डोन्या ताचा गप्प, मग पहिली रांग, मग मागच्या… भोंगेवाल्याने भोंगा अर्धाच फुंकला. असली शांतता मी चर्चमध्येसुद्धा ऐकलेली नाही. त्या शांततेत त्याने मान वळवली, आणि उडाला.

कसा उडाला म्हणून सांगू! सरळ. वीतभर चूक नाही. एक हात मानेला, एक बरगडीखाली, पाठ जमिनीला, फाडकन! बरगडी गेली, माझी. त्याचं डोकं इथे, खांद्यावर, शाबूत. मी रडत होतो हो, खरंच रडत होतो, आणि हा माझ्या कानात काय म्हणतो? “गाढवा, शिवी विसरलास?”

पुढे रीतीप्रमाणे त्याने मला आत नेलं, खांदे टेकवले, एक दोन तीन, मी हरलो. मुखवटा वाचला. न्हावी आला, मी स्टुलावर बसलो, म्हटलं, चला, आता टाळ्या त्याला, शिव्या मला, मग गुपचूप घरी. कसलं काय! न्हाव्याने पहिली बट कापली आणि डोन्या ताचा पायरी चढून वर आली, “हळू रे मेल्या, त्याचा कान जपून!” आणि वळली पाकोळीवर, “लाज नाही वाटत? त्याने तुला कोंपाद्रे म्हणून हाक मारली, झेललं, आणि तू त्याचं डोकं भादरतोस? स्वतःच्या कोंपाद्रेचं?” झालं! सगळा मांडव उठला! संत्र्याची सालं, लिंबं, चपला, सगळं त्याच्यावर! आणि मला? टाळ्या! बायका डोळे पुसतायत! माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

दुसऱ्या दिवशी डॉन वेन्सेस म्हणाले, “लोलो, संपलास. गावात तुझा राग करणारं एक माणूस उरलं नाही. आजपासून पाकोळी रुदो, तू सज्जन.” कोंपाद्रे खूश, आता उडायचं नाही, खाली उभं राहून शिव्या खायच्या. लिचाने संतापुढे मेणबत्ती लावली. मी विचारलं, “डॉन वेन्सेस, सज्जनाने करायचं काय असतं?” तर सिगारेट चावत म्हणाले, “उडायचं असतं, लोलो. लोकांना वरून काहीतरी पडलेलं लागतं.”

म्हणजे मी! हे पोट घेऊन! वरच्या दोरावर! आणि मला झेलायला तो उभा, हात छान पसरून, तोंड लाहीवाल्याकडे करून! मी वरून ओरडतो, “कोंपाद्रे, इकडून येतोय!” पण त्याला ऐकू जाईल तर ना? लोकांचं प्रेमच एवढं उतू चाललंय! तेव्हा तुम्हाला हात जोडून सांगतो, रविवारी या, पुढे बसा, पण मी वर चढलो की मेहेरबानी करून… टाळ्या वाजवू नका हो!